ऑझच्या गोष्टीत लपलेलं अध्यात्म कसं शोधायचं, आणि कुठं हात आवरायचा

मागच्या मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या वर, कूलर नुसता गरम वारा फेकतोय, आणि बहिणीची दोन्ही पोरं सुट्टीला आमच्याकडे, मोठा बारा वर्षांचा अन् धाकटी नऊची. मोबाईल काढून घेतला की दोघं घर डोक्यावर घ्यायची, म्हणून मी जाहीर केलं की रोज ऊन उतरलं की गच्चीवर बसायचं आणि ऑझच्या जादूगाराचं पुस्तक वाचायचं, दीड-दोन प्रकरणं. एकूण २४ प्रकरणं आहेत, पंधरा दिवस आरामात निघतात. वाचता वाचता मलाच नाद लागला, रात्री पोरं झोपली की मी लेखकाचं आयुष्य धुंडाळत बसायचे, आणि कळलं की एल. फ्रँक बॉम हा माणूस अध्यात्माच्या चांगलाच नादी लागलेला होता. त्यात हेही कळलं की अशी गुपितं शोधायला बसलं की माणूस किती पटकन वाहवत जातो, मीही गेले. म्हणून काय केलं, कुठं चुकले, काय जमलं ते सगळं लिहितेय, कोणाला आपल्या पोरांबरोबर करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी पिक्चर डोक्यातून काढा. १९३९ चा पिक्चर भारी आहे, वाद नाही, पण त्यात चपला लाल आहेत आणि शेवटी ते सगळं स्वप्न निघतं. पुस्तकात चपला चांदीच्या आहेत (खरं तर बूट, पण आमच्याकडं पहिल्या दिवसापासून चपलाच झाल्या) आणि स्वप्नबिप्न काही नाही. गोष्टीतली पोरगी डोरोथी घरी परत येते तेव्हा तिच्या हेन्रीकाकानं नवीन घर बांधलेलं असतं, कारण जुनं खरोखरच वादळात उडून गेलेलं असतं. हा फरक बारीक नाही. स्वप्न म्हणलं की सगळं मनाचा खेळ होतो आणि मग कशाचाही काहीही अर्थ लावायला रान मोकळं. पुस्तक जुनं आहे, १९०० सालचं, कॉपीराईट संपलेला आहे, मूळ इंग्रजी नेटवर फुकट मिळतं. मी ते समोर ठेवून मराठीत सांगत सांगत वाचलं.

ज्यांना गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी पटकन सांगते. कॅन्ससमधली डोरोथी वावटळीत घरासकट, टोटो ह्या कुत्र्यासकट उडते आणि ऑझ देशात पडते, घर नेमकं पूर्वेच्या दुष्ट चेटकिणीवर आदळतं, तिच्या चांदीच्या चपला डोरोथीच्या पायात येतात, घरी जायचं तर पाचूच्या शहरातल्या जादूगाराला भेट असं कोणी सांगतं म्हणून ती पिवळ्या विटांच्या रस्त्यानं निघते, वाटेत मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि हिंमत हवी असलेला सिंह भेटतो, जादूगार म्हणतो आधी पश्चिमेच्या चेटकिणीला मारा मग बघू, डोरोथी रागाच्या भरात तिच्यावर बादलीभर पाणी फेकते तर ती चक्क विरघळून जाते, आणि परत आल्यावर कळतं की जादूगार कोणी नाही, ओमाहाचा एक फुगेवाला, सर्कशीच्या बलूनमध्ये बसून इकडं वाहत आलेला. शेवटी दक्षिणेची ग्लिंडा सांगते की बाई, तुझ्या चपलाच तुला घरी नेतात, टाचा तीनदा आपट.

आता पद्धत. पहिल्या वाचनात अर्थ शोधायचाच नाही. मी इथंच चुकले. तिसऱ्या दिवशी रस्ता लागला आणि मी सुरू झाले, हा रस्ता म्हणजे साधनेचा मार्ग, विटा पिवळ्या कारण वगैरे. मोठा शांतपणे उठून खाली गेला, थोड्या वेळानं कळलं की आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, फोनवर क्रिकेट बघतोय. तेव्हापासून मी तोंड बंद ठेवलं आणि फक्त वहीत खुणा केल्या. पानाचा नंबर लिहून पुढं चार गोष्टी: वस्तू, कोणाकडं आहे, कोणाला पाहिजे, कामाला कधी येते. इतकंच. ह्या चार गोष्टी पुढं फार उपयोगी पडतात.

दुसरं काम लेखकाच्या आयुष्याचं. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागं एक उभी रेघ मारा आणि गोष्ट लिहून होण्याच्या आधीचंच तेवढं लिहा. आधीचंच का, तर माणसाला नंतर जे सुचलं ते गोष्टीत कसं असेल? बॉमचं एक बरं आहे, त्यानं ज्या पेन्सिलीनं पुस्तक लिहिलं ती उरलेली बारकी पेन्सिल फ्रेम करून ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं की ह्या पेन्सिलीनं पाचूच्या शहराची वही ९ ऑक्टोबर १८९९ ला पुरी केली. रेघेचा शेवट आयताच मिळाला.

त्या रेघेवर माझ्याकडं आलं ते असं. जन्म १८५६, न्यूयॉर्क राज्यातलं चिटेनँगो. १८८२ ला मॉड गेजशी लग्न, आणि ह्या लग्नातली खरी बातमी म्हणजे सासू. मटिल्डा जोसलिन गेज, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून भांडणारी, चर्चलाही न घाबरणारी बाई. ती १८८५ ला थिऑसॉफिकल सोसायटीत गेली, म्हणजे सगळ्या धर्मांतलं गूढ शोधणाऱ्या मंडळीत, त्यांच्याबद्दल पुढं येतंच. जावई तेव्हा धडपडत होता. १८८८ ला डकोटातल्या ॲबरडीनला दुकान काढलं, दुष्काळ पडला, गिऱ्हाईकं उधारीवर, १८९० ला दुकान बंद. मग साप्ताहिक चालवलं, तेही बुडालं. पण त्याच साप्ताहिकात जानेवारी १८९० मध्ये त्यानं थिऑसॉफीवर लिहिलं होतं, हे लोक सत्य शोधणारे आहेत अशी ओळख करून दिली होती. १८९१ ला शिकागो, तिथं चिनी मातीची भांडी विकत गावोगाव फिरायचा. आणि ४ सप्टेंबर १८९२ ला तो आणि मॉड दोघं शिकागोतल्या थिऑसॉफिकल शाखेचे मेंबर झाले. शाखेचं नाव काय होतं माहितीये? रामायण. मी रात्री बारा वाजता एकटीच हसले.

थिऑसॉफी म्हणलं की आपल्याकडं ॲनी बेझंट आठवतात, पण त्या नंतरच्या. ही सोसायटी १८७५ ला न्यूयॉर्कला सुरू झाली, मॅडम ब्लाव्हाट्स्की, कर्नल ऑल्कॉट वगैरे मंडळी, १८७९ ला दोघं मुंबईत आले आणि मग मद्रासजवळ अड्यारला ठाण मांडलं. कर्म, पुनर्जन्म, माया हे शब्द अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पोचवायचं बरंच काम ह्या लोकांनी केलं. सोसायटीचे तीन उद्देश आहेत: सगळी माणसं एक, हे मानणारा बंधुभाव, धर्म-तत्त्वज्ञान-विज्ञान यांचा तुलना करून अभ्यास, आणि निसर्गाच्या न उलगडलेल्या नियमांचा अन् माणसात दडलेल्या शक्तींचा शोध. हा तिसरा उद्देश वहीत मोठ्या अक्षरात लिहा. माणसात दडलेल्या शक्ती. सगळी गोष्ट ह्या तीन शब्दांवर उभी आहे असं माझं मत झालंय, आणि ते का, ते त्या चार खुणांवरून कळतं.

बुजगावणं घ्या. त्याला मेंदू पाहिजे. पण दरी आडवी आली की झाड तोडून पूल करायची आयडिया कोणाची? त्याचीच. पोरांना हे मी सांगितलं नाही, धाकटीनंच पकडलं, म्हणाली, "मावशी, मंग ह्याला मेंदू कशाला पाहिजे, हाच तर सगळ्यांत हुशार आहे." सिंहाला हिंमत पाहिजे, पण त्याच्या आधीच्या दरीवरून एकेकाला पाठीवर घेऊन उड्या मारणारा तोच. आणि लाकूडतोड्याचा प्रसंग तर हळूहळू वाचा, घाई करू नका. सहावं प्रकरण. चालता चालता त्याच्या पायाखाली एक किडा येतो, मरतो. हा रडतो, रडता रडता आसवं गालावरून जबड्याच्या बिजागरीत जातात आणि जबडा गंजून घट्ट बसतो. तोंड उघडेना. डोरोथीला खुणा करतो, तिला कळेना, शेवटी बुजगावणं तिच्या टोपलीतून तेलाची बुधली काढून जबड्यात तेल घालतं. मग हा म्हणतो की तुम्हाला हृदय आहे, ते तुम्हाला रस्ता दाखवतं, मला नाही म्हणून मला फार जपून वागायला लागतं. आणि पुढं खाली बघत चालतो, एक मुंगी दिसली तरी तिला ओलांडून. हे वाचताना धाकटीनं पाय वर घेतले, गच्चीवर मुंग्या होत्याच.

आता चौथी खूण, वस्तू कामाला कधी येते. जादूगार शेवटी बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा, टाचण्या अन् सुया भरतो, लाकूडतोड्याला रेशमी हृदय देतो त्यात लाकडाचा भुसा, सिंहाला बशीतून काहीतरी प्यायला देतो. तिन्ही वस्तू फालतू आणि तिन्ही वेळा काम होतं, कारण काम आधीच झालेलं होतं. बुद्धी, भाव, धाडस. आपल्या घरात कोणाला ज्ञान, भक्ती, कर्म आठवेल तर आठवू द्या, चूक नाही, फक्त बॉमनं गीता समोर ठेवून लिहिलं असं म्हणू नका.

चष्म्याचा भाग माझा सगळ्यात आवडता. पाचूच्या शहराच्या दारावर रखवालदार सगळ्यांना हिरवे चष्मे घालतो आणि मागून कुलूप लावतो, कुत्र्याला पण. आत सगळं हिरवं, लोक हिरवे, सरबत हिरवं. डोरोथीला महालात रेशमी हिरवा झगा मिळतो, टोटोच्या गळ्यात हिरवी रिबन. शहराबाहेर पडून चष्मा काढला की झगा पांढरा, रिबन पांढरी. नंतर जादूगार स्वतःच कबूल करतो की शहर काही फार हिरवं नाही, लोक चष्मे घालतात म्हणून त्यांना वाटतं. हे वाचलं तेव्हा आमच्या गच्चीवर हिरवी शेडनेट बांधलेली होती, इकडं उन्हाळ्यात घरोघरी असते, आणि तिच्याखाली चार वाजता माणसाचा रंग असा आजारी हिरवट दिसतो. मोठ्यानं दुधाचा ग्लास नेटच्या बाहेर उन्हात धरला, मग आत धरला, मग परत बाहेर. दोन मिनिटं तेच. मी 'माया' हा शब्द उच्चारला सुद्धा नाही. संध्याकाळी जेवताना तोच म्हणाला की त्या लोकांना कोणी सांगितलं असतं तरी त्यांनी चष्मा काढला नसता, कुलूप होतं ना. आणि किल्ली दारावरच्या माणसाकडं. मला हे सुचलं नव्हतं.

तर इथपर्यंत छान चाललं होतं. मग फाजील आत्मविश्वास आला.

गोष्टीत कालिडा नावाचे प्राणी आहेत, अंग अस्वलाचं अन् तोंड वाघाचं. धाकटी ओरडली, कालिदास! मी पण क्षणभर म्हणलं अरे खरंच की. आणि उडणारी माकडं? लेखक रामायण नावाच्या शाखेचा मेंबर आणि गोष्टीत उडणारी माकडं, म्हणजे हनुमान, म्हणजे वानरसेना, झालं सिद्ध! दोन दिवस मी ह्याच नशेत होते. मग वहीतल्या चार खुणा लावून बघितल्या. माकडं कोणाची? ज्याच्याकडं सोन्याची टोपी त्याची, आणि टोपीच्या मालकाचे तीन हुकूम ऐकायला बांधलेली. चेटकिणीनं सांगितलं म्हणून तीच माकडं बुजगावण्याचा पेंढा उपसून टाकतात, लाकूडतोड्याला खडकांवर आपटतात. हनुमान हुकमाचा ताबेदार म्हणून लंकेत गेला नव्हता. नाव जुळलं, काम जुळलं नाही. नाव जुळणं हा पुरावाच नाही, काम जुळलं तरच खूण. कालिडाचं तर नाव सोडून काहीच जुळत नव्हतं, कवितेशी तर मुळीच नाही. तसंच गावाचं. १८९३ ला शिकागोत विवेकानंद बोलले, बॉम पण तेव्हा शिकागोत राहत होता, पण एका गावात राहणं म्हणजे भेट होणं नव्हे, जळगावात राहून मी किती जणांना भेटलेय.

ही खोड फक्त अध्यात्मवाल्यांना आहे असं पण नाही. १९६४ ला हेन्री लिटलफील्ड नावाच्या एका हायस्कूलच्या मास्तरनं लेख लिहिला की ही सगळी गोष्ट अमेरिकेतल्या चलनाच्या राजकारणावर आहे, पिवळ्या विटा म्हणजे सोनं, चपला म्हणजे चांदी, बुजगावणं म्हणजे शेतकरी, लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला कामगार. इतकं चपखल बसलं की लोक वर्षानुवर्षं तेच शिकवत राहिले. १९९२ ला लिटलफील्डनं स्वतः लिहून टाकलं की बॉम तेव्हाच्या पॉप्युलिस्ट, म्हणजे शेतकरी-कामगारांच्या बाजूच्या, चळवळीचा होता असं मानायला काही आधार नाही. म्हणून तुमचा अर्थ फारच चपखल बसायला लागला की जरा घाबरा. मुद्दाम एक न बसणारा प्रसंग शोधा. मला सापडला तो असा: तोच मुंगी ओलांडून जाणारा लाकूडतोड्या पुढं कुऱ्हाडीनं चाळीस लांडग्यांची डोकी उडवतो, एकामागून एक, चाळीस. करुणेची मूर्ती वगैरे म्हणत होते ना मी, घ्या. आणि हे अशा लेखकाच्या पुस्तकात ज्यानं प्रस्तावनेत लिहिलंय की ह्या गोष्टीत भयानक काही ठेवलेलं नाही, पोरांना नुसता आनंद मिळावा. हा प्रसंग मी अर्थात बसवायचा प्रयत्न केला नाही, तसाच ठेवला. गोष्ट आहे, पोथी नाही.

प्रस्तावनेचं निघालंच आहे तर, लेखक स्वतः म्हणतो फक्त मुलांसाठी लिहिलं, मग आपण कोण अर्थ काढणारे? ह्यावर बॉमनंच दिलेलं एक उत्तर सांगतात, की गोष्ट आपसूक आली, वरच्या मोठ्या लेखकाला कधी कधी काही सांगायचं असतं आणि तो हाताशी असेल ते साधन वापरतो. आपल्याकडं ह्याला एका वाक्यात म्हणतात, बोलविता धनी वेगळाच. आणि आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी तर सरळ सांगून ठेवलंय की सरस्वती मनात गुपितं पेरून जाते. पेरणाऱ्याला उगवण कितपत माहीत असते हे शेतकऱ्याला विचारा.

आता आपल्या मातीतलं उदाहरण शेजारी कसं ठेवायचं ते. इथं शब्द नीट धरा, शेजारी ठेवायचं, पाठीमागं नाही. म्हणजे बॉमनं आपल्याकडून उचललं असं नाही, दोन गोष्टी एकमेकींच्या बाजूला ठेवल्या की दोन्ही जास्त चांगल्या दिसतात इतकंच. पडदा पडायचा प्रसंग आला, टोटो घाबरून पळतो अन् कोपऱ्यातला पडदा पाडतो, आणि मागं महान ऑझच्या जागी टकला, सुरकुतलेला म्हातारा. ह्यानं आधी प्रत्येकाला वेगवेगळं रूप दाखवलेलं असतं, डोरोथीला प्रचंड डोकं, बुजगावण्याला सुंदर बाई, लाकूडतोड्याला अक्राळविक्राळ जनावर, सिंहाला आगीचा गोळा. माझी आई खाली भरताची वांगी भाजून नुकतीच वर आली होती, हाताला धुराचा वास, तिनं एवढंच ऐकलं आणि म्हणाली, "हा तं चांगदेव झाला."

पोरांना चांगदेव माहीत होता, तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेवच्या देवळात सगळे जाऊन आलेत, मुक्ताईनगरला जाणाऱ्याची ती ठरलेली चक्कर. चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेला योगी. त्यानं आधी पत्र पाठवायचं ठरवलं आणि मायना काय लिहावा तेच सुचेना, वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं तर ज्ञानानं मोठे, म्हणून कोराच कागद पाठवला. आणि कोवळ्या वयाची मुक्ताई हसून म्हणाली की एवढं जगून हा कोराच राहिला. पुढं त्याच मुक्ताईला त्यानं गुरू केलं. एका बाजूला फुगेवाला अन् डोरोथी, एका बाजूला वाघवाला अन् मुक्ताई. मोठ्याला फरक लगेच दिसला, चांगदेवाकडं सिद्धी खऱ्या होत्या, फुगेवाल्याकडं नुसती सोंगं. धाकटीला वेगळाच फरक दिसला, मुक्ताईनं शिकवलं, डोरोथी रागावली की तुम्ही फार वाईट माणूस आहात. त्यावर फुगेवाला म्हणतो, नाही गं, माणूस मी चांगला आहे, जादूगार वाईट आहे. आईला हे वाक्य इतकं आवडलं की दोन दिवस येता जाता म्हणत होती.

तसंच उत्तरेची चांगली चेटकीण डोरोथीच्या कपाळाचा मुका घेते, तिथं चमकणारी खूण राहते आणि मग तिला कोणी इजा करू शकत नाही. आई म्हणाली, अंगारा लावला. मी वहीत तेच लिहिलं.

चेटकिणींवर थोडं थांबायला लागेल, कारण इथं सासूबाईंचा हात सरळ दिसतो. मटिल्डा गेजनं १८९३ ला बाई, चर्च आणि राज्यसत्ता ह्यावर पुस्तक काढलं, त्यात तिनं मांडलं की युरोपात चेटकीण म्हणून ज्यांना मारलं त्या बऱ्याचदा जाणत्या, औषधपाणी कळणाऱ्या बायका होत्या. जावयाच्या गोष्टीत डोरोथी म्हणते की मला वाटायचं चेटकिणी सगळ्या दुष्ट असतात, तर समोरची म्हणते हा मोठा गैरसमज आहे. इथं वहीतली खूण अगदी पक्की बसते, तारीख पण आणि काम पण. खान्देशातल्या माणसाला हे परकं नाही, सातपुड्याच्या बाजूला एखाद्या बाईला डाकीण ठरवून गावाबाहेर काढायचे प्रकार आपण ऐकलेत, २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा आला तो उगीच नाही. बारा वर्षांच्या पोराला एवढं सांगता येतं, मी सांगितलं, नऊ वर्षांचीला नाही सांगितलं.

आणि लेखकाच्या आयुष्यात खोदलं की खालून घाण पण निघते, ती झाकू नका. डकोटातल्या त्याच साप्ताहिकात, सू जमातीचा पुढारी सिटिंग बुल मारला गेला तेव्हा डिसेंबर १८९० मध्ये आणि वूंडेड नी इथं सैन्यानं केलेल्या सू लोकांच्या कत्तलीनंतर जानेवारी १८९१ मध्ये, बॉमनं दोन अग्रलेख लिहिले की तिथल्या मूळ आदिवासींना पुरतं संपवून टाकावं. हेच शब्द नाहीत पण अर्थ हाच, गुळगुळीत करण्यासारखं त्यात काही नाही. पुढच्याच वर्षी हा माणूस बंधुभाव मानणाऱ्या सोसायटीत गेला. २००६ ला त्याच्या वंशजांनी सू लोकांची माफी मागितली. मी हे वाचलं त्या रात्री दुसऱ्या दिवशीचं प्रकरण वाचायचं मन होईना. शेवटी वाचलं, पण अध्यात्मिक लेखक, थोर आत्मा असं काही म्हणायचं बंद केलं. मोठ्याला सांगितलं तर त्यानं विचारलं की मग तो शहरातला फुगेवाला म्हणजे तो स्वतःच का? मी हो नाही काहीच म्हणलं नाही, वहीत लिहून घेतलं.

डोरोथी हे नाव पण आयुष्यातलंच असावं असं मानतात. मॉडच्या भावाची मुलगी डोरोथी गेज, १८९८ ला पाच महिन्यांची होऊन वारली. त्याच वर्षी मार्चमध्ये मटिल्डा गेली होती, बॉमच्याच घरी. पुढच्या वर्षी ही गोष्ट कागदावर आली, ज्यात वादळात गेलेली डोरोथी घरी परत येते. इथं मी कुठलाच अर्थ लावत नाही, तारखा शेजारी ठेवल्यात.

पोरांशी बोलायचं कसं, तर विचारायचं, सांगायचं नाही. आणि प्रश्न लहान ठेवायचे. ह्याचा अर्थ काय असं विचारलं की शाळा सुरू होते आणि पोरं धडाखालच्या स्वाध्यायाची उत्तरं देतात. त्यापेक्षा, हे आधीपासून कोणाकडं होतं? कोणाला माहीत होतं? पहिल्या प्रकरणात करडा रंग किती वेळा येतो ते मोजा. हे मोजणं खरंच करा, कॅन्ससची नांगरलेली जमीन उन्हानं भाजून करडी, भेगा पडलेली, गवत करडं, घर करडं, एमकाकू करडी, हेन्रीकाका दाढीपासून बुटापर्यंत करडा, फक्त टोटो नाही. बॉमनं दुष्काळ बघितला डकोटात, कपाशी लावून आभाळाकडं बघत बसणाऱ्याला तो लगेच ओळखू येईल. आणि एवढ्या रंगीत देशातून पोरीला त्याच करड्या घरी परत यायचं असतं, बुजगावणं तिला विचारतं पण की असं का. हा प्रश्न पोरांना विचारून बघा आणि गप्प बसा.

शेवटच्या दोन प्रकरणांना आईला मुद्दाम बसवलं. ग्लिंडा सांगते, चपलांची ताकद माहीत असती तर पहिल्याच दिवशी घरी गेली असतीस. आईनं एका सेकंदात निकाल दिला, "म्हंजे काखेत कयसा अन् गावाले वयसा." इथं सगळी थिऑसॉफी संपते खरं तर. पण धाकटी ऐकेना, म्हणाली, पहिल्या दिवशी गेली असती तर मग बुजगावणं अजून त्या बांबूवरच लटकलेलं असतं ना. गंमत म्हणजे पुस्तकात बुजगावणं स्वतः हेच म्हणतं, आणि ते मी अजून वाचलेलं नव्हतं, पान उलटलं तर समोर तेच. मग लाकूडतोड्या आपलं सांगतो, मग सिंह.

चपला वाटेत वाळवंटात पडून हरवतात. डोरोथी मोज्यांवर गवतात उभी. मोठ्यानं विचारलं, मुक्ताई पण वादळात गेली ना, मेहूणला, वीज चमकली अन् दिसेनाशी झाली? हो म्हणलं. मग ती परत नाही आली. आई वांग्याची देठं गोळा करत होती, वर न बघता म्हणाली, "ती बी घरीच गेली रे." ह्यावर मी काही बोलले नाही, कोणीच नाही बोललं, खाली कुकरची शिट्टी झाली.

पुढं काय वाचायचं विचाराल तर १९०४ चा दुसरा भाग घ्या. त्यात टिप नावाचा मुलगा आहे, त्याच्यावर नजर ठेवा, वस्तूऐवजी ह्या वेळी माणसावर चार खुणा लावा आणि मटिल्डाबाईंना विसरू नका. आमच्याकडं तो दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवलाय. मोठा शेवटचं पान आधी वाचतो, म्हणून पुस्तक गव्हाच्या कोठीच्या मागं आहे.